लहान हादऱ्यांनी मोठा भूकंप टळतो का? उत्तरधक्क्यांचे गणित आणि आपला सीमाभाग

अथणी तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींनी मला तीन प्रश्न पाठवले आहेत. विजयपूरच्या बाजूला लहान हादरे बसले की त्यांच्या गावातील जुनी माणसे म्हणतात, ‘बरे झाले, जमिनीतला जोर निघून गेला, आता मोठा बसायचा नाही’. हे खरे आहे का? चांगला जाणवणारा धक्का बसल्यावर किती दिवस अंगणात झोपावे? आणि ‘आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार’ असे मोबाइलवर फिरणारे संदेश खोटे असतील, तर पुढच्या धक्क्याबद्दल शास्त्राला नेमके काय सांगता येते?

घरात भीती असताना माणसाला आधी उत्तर हवे असते आणि कारणे नंतर, म्हणून उत्तरे आधी देतो. लहान हादऱ्यांनी मोठा भूकंप टळत नाही. अंगणात किती दिवस झोपावे हे दिवसांच्या हिशेबापेक्षा आपल्या घराच्या भिंतींवर अधिक ठरते. तारीख आणि वेळ देऊन भूकंप सांगणारा संदेश कोणाच्याही नावाने आला तरी तो खोटा असतो. परंतु एक मोठा धक्का बसून गेल्यावर पुढच्या आठवड्यात किती धक्के येतील, किती ताकदीचे येतील आणि त्यांची शक्यता किती वेगाने कमी होईल, हे मात्र आकड्यांत सांगता येते. भूकंपशास्त्रात भविष्याविषयी प्रामाणिकपणे आकडा देता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. ही त्यांतील सर्वांत भक्कम जागा आहे आणि माझी नोकरीची बहुतेक वर्षे तिच्याभोवती गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१९९३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही किल्लारीच्या परिसरात फिरती भूकंपमापक यंत्रे लावत होतो. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास ६.२ क्षमतेचा भूकंप झाला होता. त्या यंत्रांत काजळी धरलेल्या कागदावर सुई रेघ ओढत असे. दर चोवीस तासांनी कागद बदलायचा, लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून काजळी पक्की करायची, वाळवायचा आणि मग एकेक धक्का मोजायचा. एका दुपारी कागद वाळत घातलेला असताना एका बाईंनी विचारले, ‘साहेब, अजून किती शिल्लक आहेत?’ त्यांना वाटत होते की जमिनीच्या पोटात धक्क्यांची ठरलेली संख्या असते, कणगीतल्या धान्यासारखी, आणि ती संपली की सुटका. गुरुजींच्या गावातील जुन्या माणसांचे म्हणणे हेच आहे, फक्त दुसऱ्या शब्दांत. त्या बाईंना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. ते असे की शिल्लक मोजता येत नाही, वेग, म्हणजे दिवसाला किती धक्के येतात ते, मोजता येतो. आणि तो वेग कसा उतरत जातो याचा नियम शंभराहून अधिक वर्षांपासून माहीत आहे.

जपानमध्ये २८ ऑक्टोबर १८९१ रोजी नोबी भागात आठच्या आसपास क्षमतेचा भूकंप झाला. त्यानंतर गिफू येथे जाणवलेल्या धक्क्यांच्या नोंदी फुसाकिची ओमोरी या तरुण संशोधकाने तपासल्या आणि १८९४ मध्ये एक अगदी साधे सूत्र मांडले: मुख्य धक्क्यानंतर जितका काळ लोटतो, त्याच्या व्यस्त प्रमाणात उत्तरधक्क्यांचा, म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्या धक्क्यांचा, वेग घटतो. दुसऱ्या दिवशी वेग पहिल्या दिवसाच्या निम्मा, दहाव्या दिवशी एक दशांश, शंभराव्या दिवशी एक शतांश. भारी गणित न येणाऱ्यालाही हा नियम कळतो, पण त्याचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही. दामदुपटीच्या हिशेबाने काळ मोजला, म्हणजे दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत, चौथ्यापासून आठव्यापर्यंत, आठव्यापासून सोळाव्यापर्यंत असे टप्पे पाडले, तर प्रत्येक टप्प्यात साधारण सारखेच धक्के पडतात. सुरुवातीला वेग झपाट्याने कोसळतो, म्हणून चार दिवसांत लोकांना वाटते की संपले. पुढे तोच उतार इतका लांबत जातो की सहा महिन्यांनी एखादा धक्का बसला की लोक ‘हे पुन्हा सुरू झाले’ म्हणून घाबरतात. तो धक्का बहुधा त्याच जुन्या उतारावरचा असतो. नोबीच्या उत्तरधक्क्यांचा उतार शंभर वर्षांनंतरही ओमोरीच्या सूत्राला धरून चाललेला आढळला आहे.

१९६१ मध्ये उत्सू यांनी या सूत्रात सुधारणा केली. काळाचा घात नेमका एक असतोच असे नाही. वेगवेगळ्या भूकंपांत तो सुमारे ०.९ ते १.५ यांच्या दरम्यान येतो, आणि घात जितका मोठा तितका उतार तीव्र. शिवाय काळात एक छोटी संख्या मिळवावी लागते, नाहीतर मुख्य धक्क्याच्या क्षणी वेग अनंत येईल. या छोट्या संख्येबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे अनेकांची फसगत होते. मोठ्या धक्क्यानंतरचे पहिले काही तास यंत्राची सुई सतत हलत असते आणि मोठ्या लहरींच्या पोटात लहान धक्के बुडून जातात. नोंदवहीत त्या तासांत धक्के कमी दिसतात, पण ते कमी झालेले नसतात, मोजायचे राहिलेले असतात. अशा अपुऱ्या मोजणीवर पहिल्याच रात्री कोणी ‘आता शांत होत आहे’ असे म्हणत असेल, तर त्याच्या आकड्यांना काही आधार नसतो.

हे झाले संख्येचे. ताकदीचा नियम वेगळा आहे आणि तो गुटेनबर्ग व रिश्टर यांनी १९४४ मध्ये मांडला. क्षमता एकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहा पटींनी घटते. म्हणजे एखाद्या प्रदेशात तीन किंवा त्याहून अधिक क्षमतेचे हजार धक्के झाले, तर चार किंवा त्याहून अधिकचे सुमारे शंभर, पाचच्या वरचे सुमारे दहा. हाच नियम उत्तरधक्क्यांनाही लागू पडतो. त्याला जोडून बाथ यांनी १९६५ मध्ये सांगितलेले एक निरीक्षण आहे: सर्वांत मोठा उत्तरधक्का हा मुख्य धक्क्याहून सरासरी १.२ ने लहान असतो. यातील ‘सरासरी’ हा शब्द डोळ्यांआड करू नये. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ चा भूकंप झाला आणि १२ मे रोजी, सतरा दिवसांनी, ७.३ चा उत्तरधक्का आला. तेथे फरक अवघा अर्ध्याचा होता, आणि पहिल्या धक्क्यात खिळखिळी होऊनही उभी राहिलेली अनेक घरे दुसऱ्यात पडली.

हे नियम एकत्र केले की अंदाज कसा तयार होतो, ते उदाहरणाने दाखवतो. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. समजा ६.२ क्षमतेचा एक भूकंप झाला, आणि पहिल्या तीन दिवसांच्या मोजणीवरून असे दिसले की अडीच किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या धक्क्यांचा वेग ‘५० भागिले दिवस’ असा उतरत आहे. मग तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत असे सुमारे ६० धक्के अपेक्षित धरायचे. दहा-दहा पटींच्या नियमाने साडेतीनच्या वरचे ६, साडेचारच्या वरचे ०.६ आणि साडेपाचच्या वरचे ०.०६. ‘०.६ धक्के’ याला अर्थ काय, असे विद्यार्थी विचारतात. त्याचा अर्थ असा की त्या आठवड्यात साडेचारचा किमान एक धक्का बसण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के आहे, आणि साडेपाचचा बसण्याची सुमारे ६ टक्के. मूळच्या ६.२ एवढा किंवा त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता याच हिशेबाने साधारण एक टक्का निघते. आता पुढचा आठवडा पाहा, दहाव्यापासून सतराव्या दिवसापर्यंतचा. साडेचारची शक्यता २३ टक्क्यांवर आलेली असते आणि साडेपाचची अडीच टक्क्यांच्या आसपास. एका आठवड्यात धोका निम्मा झाला, पण शून्य झाला नाही, आणि कोणत्याही दिवशी तो शून्य झाला असे हे गणित कधीच म्हणत नाही.

कॅलिफोर्नियात रीझनबर्ग आणि जोन्स यांनी १९८९ मध्ये याच धर्तीची रीत मांडली आणि पुढे तिच्या आधारे लोकांसाठी आकडे दिले जाऊ लागले. १९८८ मध्ये ओगाटा यांनी आणखी एक पाऊल टाकले. ओमोरीच्या सूत्रात एकच मुख्य धक्का असतो आणि बाकीचे सगळे त्याचे अनुयायी असतात. प्रत्यक्षात प्रत्येक धक्का, कितीही लहान असला तरी, स्वतःचे उत्तरधक्के जन्माला घालतो, त्यांचे पुन्हा त्यांचे, अशी वंशावळ वाढत जाते. ओगाटांच्या पद्धतीत ही सारी वंशावळ एकाच वेळी मोजली जाते, साथीचा रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे मोजावे तशी. एखादा उत्तरधक्का मोठा निघाला की वेगाची रेघ पुन्हा वर उसळते आणि तेथून नव्याने उतरू लागते. जुन्या सूत्राला ही उसळी समजत नसे. आज जगात उत्तरधक्क्यांचे जे अंदाज सर्वाधिक विश्वासाने दिले जातात, ते बहुतांशी याच पद्धतीचे असतात.

या पद्धतीचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तरधक्का, मुख्य धक्का आणि पूर्वधक्का यांत निसर्गाच्या दृष्टीने फरक नाही. ही नावे आपण मागाहून ठेवतो. एखाद्या धक्क्यानंतर त्याच्याहून मोठा धक्का आला, तर पहिल्याचे नाव बदलून आपण त्याला पूर्वधक्का म्हणतो. जगभरच्या अनुभवावरून, मध्यम ताकदीच्या धक्क्यानंतर थोड्या दिवसांत त्याहून मोठा येण्याचे प्रमाण साधारण वीसात एक एवढे धरले जाते. एकोणीस वेळा काही होत नाही. विसाव्या वेळी जे होते ते आपल्या शेजारीच घडलेले आहे. कोयनेला १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचहून अधिक क्षमतेचा धक्का बसला होता. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे, ६.३ चा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे दोनशे माणसे गेली. निपाणीपासून कोयना सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर आहे आणि बेळगावपासून १९० च्या आसपास. त्या पहाटे आमच्या शहापुरातील वाड्यात फळीवरची भांडी खाली आली आणि आजीने आम्हा मुलांना अंगणात तुळशीपाशी आणून बसवले, एवढे मला आठवते. पुढे मोठेपणी त्या रात्रीच्या नोंदी वाचताना सप्टेंबरच्या धक्क्याची रेघ मी कितीतरी वेळा पाहिली आहे. तिच्यात डिसेंबरची कोणतीही खूण नाही. इतर शेकडो धक्क्यांच्या रेघांसारखीच ती आहे.

जपानसारख्या देशालाही हे चुकलेले नाही. ९ मार्च २०११ ला ७.३ चा धक्का बसला आणि दोन दिवसांनी ९.० चा महाभूकंप आला. २०१६ मध्ये कुमामोतो येथे १४ एप्रिलच्या धक्क्यानंतर लोकांना ‘उत्तरधक्क्यांपासून सावध राहा’ असे सांगितले गेले. काही लोक घरी परतले, आणि १६ एप्रिलला पहिल्याहून मोठा भूकंप झाला. ‘उत्तरधक्का’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘आता याहून लहानच येणार’ असे आपोआप बसते, हे ध्यानात आल्यावर जपानच्या हवामान संस्थेने मोठ्या भूकंपानंतरच्या सूचनांत तो शब्द टाळायला सुरुवात केली. आपल्याकडेही बातमी देताना हे पथ्य पाळावे असे मला वाटते.

आता जुन्या माणसांच्या ‘जोर निघून गेला’ या समजाकडे येतो, कारण तिन्ही प्रश्नांत हाच सर्वांत घातक आहे. क्षमता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. म्हणजे सहा क्षमतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर काढायची, तर पाचचे सुमारे ३२ धक्के हवेत, चारचे सुमारे हजार, आणि तीनचे सुमारे ३२ हजार. पण गुटेनबर्ग आणि रिश्टर यांच्या नियमाप्रमाणे, एक पायरी खाली गेल्यावर धक्के फक्त दहा पटींनी वाढतात. संख्या दहा पटींनी वाढते, ऊर्जा ३२ पटींनी घटते; म्हणून प्रत्येक खालच्या पायरीचा ऊर्जेतील वाटा वरच्या पायरीच्या एक तृतीयांशाएवढाच राहतो. सगळे लहान धक्के एकत्र केले तरी मोठ्याचा हिशेब चुकता होत नाही. हे गणित माध्यमिक शाळेतील मुलांना फळ्यावर करून दाखवता येते, आणि गुरुजींनी ते दाखवावे अशी माझी विनंती आहे.

इटलीतील लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला कित्येक महिने लहान धक्के चालू होते. मार्चअखेरीस नागरी संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, सतत ऊर्जा बाहेर पडत असल्यामुळे परिस्थिती उलट अनुकूल आहे, अशा अर्थाचे विधान केले. त्या गावची पूर्वापार रीत अशी होती की धक्का जाणवला की घर सोडून चौकात रात्र काढायची. त्या विधानाने धीर येऊन काही कुटुंबे घरात राहिली. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. पुढे शास्त्रज्ञांवर खटला झाला, २०१२ मध्ये शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले. भूकंप आधी सांगता न येणे हा दोष नाही. ‘जोर निघून गेला’ हे वाक्य अधिकाराच्या जागेवरून उच्चारले गेले, हे मात्र मला आजही अस्वस्थ करते, कारण तेच वाक्य आपल्या भागात कट्ट्यावर आणि चहाच्या दुकानात रोज ऐकू येते.

सीमाभागाच्या दृष्टीने आणखी एक गुंतागुंत आहे. आपल्याकडे जे हादरे अधिक वेळा जाणवतात, ते बऱ्याचदा उत्तरधक्के नसतातच. २०२१ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत लहान धक्क्यांची रांग लागली होती, आणि जुलै २०२२ मध्ये विजयपूर जिल्ह्यात चारहून अधिक क्षमतेचा धक्का बसला. अशा रांगेत एक मोठा आणि मागून लहान असा क्रम नसतो. जवळजवळ सारख्या ताकदीचे अनेक धक्के आठवडे किंवा महिने येत राहतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात. याला आम्ही धक्क्यांचा थवा म्हणतो. पालघर जिल्ह्यात डहाणूच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून असा थवा चालू झाला आणि त्यात हजारो धक्के नोंदले गेले, पण मोठ्यात मोठा चारच्या आसपासच राहिला. अनेक थव्यांमागे पाण्याचा हात असतो. पावसाळ्यात खडकांच्या भेगांत पाणी मुरते, तेथील दाब हळूहळू वाढतो, आणि आधीच ताणलेल्या भेगेवरची पकड किंचित सैल होते. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि तेव्हापासून तेथील हालचाल थांबलेली नाही. जलाशय भरण्या-उतरण्याच्या वार्षिक चक्राशी तिचा संबंध दिसतो. मात्र म्हणून प्रत्येक धरण भूकंप घडवते असे समजू नये. हिडकल आणि नविलुतीर्थ ही आपल्या जिल्ह्यातील मोठी धरणे दशकानुदशके भरत आली आहेत आणि तेथे कोयनेसारखी मालिका झालेली नाही. पाणी फक्त निमित्त होते; ताण आणि भेग जमिनीत आधीपासून असावी लागते.

थव्याला ओमोरीचे सूत्र जसेच्या तसे लावले तर उत्तर चुकते, कारण तेथे वेग ठरवणारी गोष्ट मागचा धक्का नसून चालू असलेला पाण्याचा दाब असतो. ओगाटांच्या पद्धतीत वंशावळीबाहेरून येणाऱ्या धक्क्यांचा एक पायाभूत वेग धरलेला असतो आणि तो काळानुसार बदलू दिला तर थव्याचाही काहीसा हिशेब लागतो, पण अंदाजातील अनिश्चितता फार वाढते. आणि येथेच किल्लारीची आठवण टाळता येत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून काही महिने त्या भागात लहान धक्के चालू होते. ऑक्टोबरमध्ये त्यांतील एक चारच्या आसपास होता. मग ते थांबले, लोक निश्चिंत झाले, आणि पुढच्या वर्षी भूकंप आला. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. उलट बाजूने, गेल्या काही दशकांत मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या उत्तर भागात असे अनेक थवे आले आणि विरून गेले. म्हणून विजयपूरच्या थव्याबद्दल कोणी मला ‘यातून किल्लारी होईल का’ असे विचारले, तर मी सांगतो की शक्यता फार थोडी आहे, तरीही थवा नसलेल्या एरवीच्या दिवसांपेक्षा ती नक्कीच जास्त आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि त्यांतील एकच उचलून बातमी करणे चूक आहे.

आता अंगणात झोपण्याचा प्रश्न. शक्यतेचा आकडा सगळ्या गावाला एकच असतो, पण धोका प्रत्येक घराचा वेगळा असतो. अथणी आणि विजयपूरच्या बाजूची जुनी माळवदी घरे मला सर्वांत काळजीची वाटतात: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आतून आणि बाहेरून दोन पदर, मध्ये चिपा आणि माती भरलेली, दोन्ही पदर जोडणारे आरपार दगड नाहीत, आणि वर पांढऱ्या मातीचा वर्षानुवर्षे चढत गेलेला भार. किल्लारीत माणसे मोठ्या संख्येने गेली ती अशाच घरांत. खानापूरकडची जांभ्या चिऱ्यांची कौलारू घरे छताने हलकी असतात. तेथे कौले आणि उंच तिकोनी भिंती सुटून पडण्याचा धोका अधिक. चांगल्या बांधलेल्या, कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचे पट्टे असलेल्या घराची गोष्ट निराळी. बेळगाव २००२ च्या भूकंप नकाशात तिसऱ्या पट्ट्यात आहे, म्हणजे मध्यम धोक्यात, आणि नवे घर त्या हिशेबाने बांधणे फार खर्चाचे नसते.

माझा सल्ला असा. धक्का बसल्यावर दिवसाउजेडी घराभोवती फिरून पाहावे. भिंतीला तिरकी भेग पडली असेल, कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील, भिंतीचे पोट बाहेर आले असेल किंवा माळवदाची तुळई जागेवरून सरकली असेल, तर त्या घरात दहा दिवसांनीही झोपू नये आणि महिन्यानेही नाही. जाणकार अभियंत्याने पाहून आधार देईपर्यंत ते घर वापरातून काढावे. अशा घराला पाडायला सहाच्या क्षमतेची गरज नसते, साडेचारचाही पुरतो, आणि वरच्या उदाहरणात त्याची शक्यता पहिल्या आठवड्यात जवळपास निम्मी होती. घर मातीचे पण भेगा न पडलेले असेल, तर धक्का पाचच्या वरचा असताना पहिला आठवडा-दहा दिवस बाहेर काढणे शहाणपणाचे आहे, कारण उताराचा सर्वांत तीव्र भाग तेवढ्यात येतो. त्यानंतर धोका हळू घटतो आणि पावसात, थंडीत लहान मुले व म्हातारी माणसे बाहेर ठेवण्याचे नुकसान त्याहून मोठे होऊ लागते. घर पक्के आणि धड असेल, तर तीन-चारच्या धक्क्यांसाठी बाहेर झोपण्याची गरज नाही. कपाटे भिंतीला बांधावीत आणि पलंगाच्या वरच्या फळीवरून जड वस्तू काढाव्यात. लहान हादऱ्यांच्या काळात करण्याजोगे खरे काम हेच आहे, आणि थवा विरून गेला तरी ते वाया जात नाही.

संदेशांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पूर्वधक्क्यांवरून भूकंप आधी सांगितल्याचे एक गाजलेले उदाहरण चीनमधील हायचेंगचे आहे, फेब्रुवारी १९७५ चे. पुढच्याच वर्षी तांगशान येथे असा कोणताही इशारा मिळाला नाही आणि अडीच लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर आजवर तारीख-वेळ सांगण्याची एकही पद्धत कसोटीला उतरलेली नाही. खरी नोंद पाहायची असेल तर ती राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आणि कर्नाटक राज्याचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र यांच्याकडे असते. तेथे धक्का होऊन गेल्यावर माहिती येते, आधी कधीच नाही.

शेवटी गुरुजींनी न विचारलेले एक सुचवतो. ओमोरीने आपला नियम शोधला तो मुख्यतः माणसांना जाणवलेल्या धक्क्यांच्या मोजदादीतून. ती मोजदाद आपल्या शाळेतही करता येईल. एक वही घालावी. धक्का जाणवला की तारीख, तास, मिनिट लिहावे. किती घरांत जाणवला, भांडी वाजली का, आधी गडगड ऐकू आली का, हे लिहावे. पहिली बारीक थरथर आणि नंतरचा जोराचा हादरा यांत किती सेकंद गेले ते कोणाच्या लक्षात आले असेल, तर त्या सेकंदांना आठने गुणावे. केंद्र साधारण तितके किलोमीटर दूर असते. आपल्या भागात खडीच्या खाणी पुष्कळ आहेत, तेव्हा दिवसा ठरावीक वेळी येणारे हादरे वेगळ्या रकान्यात ठेवावेत, ते बहुतेक सुरुंगाचे असतात. मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशा दिवसांवर आतापर्यंतच्या धक्क्यांची एकूण बेरीज मांडावी. प्रत्येक टप्प्यात भर साधारण सारखी पडत असेल, तर मालिका ओमोरीच्या उताराने चालली आहे. टप्प्यागणिक भर वाढत चालली असेल, तर तो थवा आहे किंवा हालचाल नव्याने उचल खात आहे. तेव्हा ती वही घेऊन तहसील कार्यालयात जावे आणि जवळपास एक तात्पुरते भूकंपमापक यंत्र बसवण्याची मागणी लेखी करावी. मिनिटापर्यंत वेळ लिहिलेली अशी वही त्या यंत्राची जागा ठरवणाऱ्यांना फार उपयोगी पडते.